दीप्तीचा रंग

अपडेट मीच मारला. शिव्या तरी कुणाला घालू?

शिरोली एमआयडीसीत एका प्रेसमध्ये प्रूफ काढायचं काम माझं. मोठं मशीन सुरू व्हायच्या आधी इंकजेटवर एक नमुना काढायचा, गिऱ्हाइकाला रंग दाखवायचा, कोपऱ्यातल्या चौकटीत सही घ्यायची. सहीबिगर प्रूफ मी पुढं सोडत न्हाय. आठ दिवस कॉम्प्युटर 'अपडेट करा' म्हणून डोकं खात हुता. वैतागून दाबलं एकदाचं, आणि जुनी प्रोफाईलं सगळी उडाली! प्रोफाईल म्हणजे कुठल्या रंगाला किती शाई सोडायची, ह्याचं मशीनला दिलेलं टाचण. गुळाच्या खोक्यांची परत बनवली. पण त्यात एक दीप्तीचं हुतं.

दीप्ती माझी बायको. जाऊन वरीस हुईल रविवारी. पुण्यानुमोदनाची पत्रिका आज छापायला द्यायची, आणि पत्रिकेवर तिचा फोटो.

दीप्ती सावळी, चांगली गडद. आमच्याकडं फोटो छापायला येणारं माणूस आधी म्हणतंय, "जरा उजळ करा." लग्नानंतर मीबी शाणपणा करून तिचा फोटो तसाच काढला. बघितल्या बघितल्या उखडली, "ही कुठली बाई आणलीसा? मी हाय तशी काढा, न्हायतर काढू नगा."

मग सुट्टीदिवशी तिला प्रेसमध्ये आणली. खिडकीपाशी टेबलावर तिनं हात ठेवला. मी शेजारी एकेक प्रूफ ठेवत गेलो. मधीच माझा हात ओढून आपल्या हाताला लावला आणि हसली, "तुमच्यापेक्षा एक छटा जादा हाय मी. ध्यानात ठेवा." चौदाव्या प्रूफावर ऐटीत सही केली.

तो कागद मी खिडकीशेजारीच चिकटवला, येडा! उन्हानं चेहरा पार उडालाय. बॉलपेनची सही तेवढी राहिलीया.

आज सकाळी नवं प्रूफ काढलं, तर गोरीगुलाबी कुणीतरी बाहेर आली. तेवढ्यात मेव्हणा आला, प्रसेनजीत.

"दाजी, झ्याक की! ताई किती उजळ दिसतीया. द्या छापायला."

"आरं, सख्खी बहीण तुझी. ही ती हाय व्हय?"

"कोण बघतंय एवढं, दाजी?" म्हणला आणि गेला.

खरंच, कोण बघतंय? त्या घडीला लई एकटं वाटलं. दीप्ती कशी दिसायची हे जपणारा जगात मी एकटाच उरलोय, आणि मीच ते पुसून बसलोय.

खुर्ची खिडकीपाशी ओढली. टेबलावर माझा हात ठेवला. शेजारी तिच्या हाताएवढी जागा सोडली आणि त्या जागेवर प्रूफं ठेवायला लागलो. माझ्यापेक्षा एक छटा जादा, एवढंच माप. कधी फार काळी यायची, कधी तांबूस. दुपार कलली. एकविसावं प्रूफ ठेवलं. आली. हाय तशी आली.

सवयीनं पेन टेबलाच्या पलीकडं सरकवला. मग कळलं, तिकडं कोण न्हाय. चौकट मोकळीच राहिली.

बिनसहीचं प्रूफ आज पहिल्यांदा मशीनला सोडलं.