साडूंच्या हातातला खंजीर

मित्रांनो, मी एक जुना खंजीर आहे आणि माझा कुणावरही विश्वास नाही. खुन्याच्या हातात आयुष्य गेलं की असंच होतं.

खुनी अर्थात नाटकातला. मला एका कुलूपवाल्याने घडवलं. पातं बोथट आणि मुठीत स्प्रिंग. कुणाच्या छातीवर दाबलं की पातं गुपचूप मुठीत शिरतं आणि बाहेर लाल रंगाचा साखरेचा पाक ओघळतो. आमचं नाटक एका कुप्रसिद्ध मारेकऱ्यावर आहे. खऱ्या मारेकऱ्याने म्हणे राजाला एका घावात संपवलं. आमच्या बिचाऱ्याला तीन अंक लागतात. एकदा तो पडद्यात अडकतो, एकदा राजा समजून उशीलाच भोसकतो. लोक पोट धरून हसतात आणि शेवटी राजा मेला की टाळ्या वाजवतात. अशा लोकांवर विश्वास कसा ठेवायचा?

मारेकरी आणि राजा, हे दोघे नट सख्खे साडू. पडदा उघडण्याआधी मारेकरी मला स्वतःच्या तळहातावर दाबून राजाला दाखवायचा, "बघ, जातंय आत." प्रयोग संपला की कधी हा, कधी तो मला कोमट पाण्याने धुवायचा, कारण पाक वाळला की स्प्रिंग चिकटते. फार लाडाचे दिवस होते ते.

मग वर्तमानपत्रात मारेकऱ्याची तारीफ छापून आली. राजाचं नावसुद्धा नाही.

"मरतो मी, आणि टाळ्या याला!" राजा म्हणाला.

"मरायला काय अक्कल लागते?" मारेकरी म्हणाला.

झालं, अबोला सुरू! दोघांच्या बायकांनी समजूत घालून पाहिली, पण कुणी हटेना. मला धुवायचं ते दुसऱ्याने, असं दोघांनाही वाटत होतं. मला मुंग्या लागल्या. तळहाताची पद्धतही बंद पडली.

माझ्या मनात पाल चुकचुकली. मारेकरी हल्ली मला जरा जास्तच घट्ट धरत होता. याने मला मुद्दाम तर तसंच ठेवलं नसेल? शेवटच्या अंकात त्याने मला उगारलं, तेव्हा माझी स्प्रिंग जाम झालेली होती. मी फार घाबरलो, पण मला ओरडता येईना.

तेवढ्यात सिंहासनावरून राजाच ओरडला, "थांब! आधी स्वतःच्या हातावर दाबून दाखव."

नाटकात नसलेलं हे वाक्य ऐकून प्रेक्षक खो खो हसले. मारेकरी चिडला. "घे, बघ!" म्हणत त्याने मला दणकन तळहातावर मारलं.

पातं मुठीत गेलं नाही. बोथट असूनही हातात घुसलं.

मारेकऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आईशप्पथ, मला माहीत नव्हतं रे," तो पुटपुटला. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, हे मला तेव्हा पटलं. राजाने ते रक्त पाहिलं, स्वतःची छाती धरली आणि आपणहूनच मरून पडला. लोकांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं.

पडदा पडताच राजा उठला आणि आपल्या शेल्याने साडूचा हात बांधू लागला. "दुखतंय का रे?" त्याने विचारलं. इतक्या दिवसांतलं त्याचं ते पहिलं मायेचं बोलणं.

आता दोघे मिळून मला धुतात. मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. हत्यार खोटं असलं तरी ते स्वच्छ ठेवा. आणि ज्या दिवशी आपसात बोलणं बंद असेल, त्या दिवशी तर सगळ्यात आधी धुवा.