अंगठाच तं हाय

मी एक जुनी मशीन आहे, मित्रांनो. अनसिंग गावातल्या एका खताच्या दुकानात काउंटरवर दोरीने बांधलेली. माझ्या काचेवर अंगठा टेकवल्याशिवाय युरियाचे पोते मिळत नाही. माझी जातच संशयी. समोर सख्खा मालक उभा राहिला, तरी मी म्हणते, आधी अंगठा दाखव.

नवी होते तेव्हा मालकाने मला हार घातला, नारळ फोडला. पण वांगी-मिरची पिकवणाऱ्या गोजराबाईचा अंगठा काही मला ओळखू येईना. निंदून निंदून बिचारीच्या रेषाच झिजलेल्या. मग शेजारच्या वावराचे माणिकराव पुढे होत.

"अंगठाच तं हाय, बाई. माहा लावतो."

हळूहळू अशाच झिजलेल्या अंगठ्यांच्या अख्ख्या गल्लीचे खत त्यांच्या नावावर चढू लागले.

मी ते वर कळवत गेले. वर कोण बसते, ते मात्र मला कधी दिसले नाही. त्यालाही गोजराबाई दिसली नाही. एकट्या माणसाने उचललेले ढीगभर खत तेवढे दिसले. त्या ढिगाला कुणीतरी माणिकरावांच्या फोनच्या नोंदी जोडल्या. त्यांची लेक धम्मदीपा जम्मूला नर्स आहे, रोज बापाशी बोलते. खत आणि सरहद्द! झाले, माणिकरावांना ठाण्यात बोलावणे आले. तिथून सुटल्यावर, एवढे खत नावावर कसे चढले ते दाखवायला, ते ठाण्यातल्या साहेबांना घेऊन दुकानात आले, माझ्यासमोर.

"काका, खतापासून बॉम्ब बनतात, घातपात होतात. वेळीच एक जण सापडला तर कितीतरी जीव वाचतात," साहेब म्हणाले.

"वाचवा नं साहेब. पण मी लेकीसंग काय बोलतो, हे तुमाले कायले पाह्यजे?"

साहेबांनी वहीत नोंद केली. त्यांचेही खोटे नव्हते, म्हणून तर मला जास्त भीती वाटली. चौकशीत काहीच निघाले नाही. पण गावात कुजबुज सुरू झाली, आगीशिवाय का धूर निघतो?

परवा गोजराबाई आली. मी तिला पुन्हा नाकारले. तिने मागे पाहिले. रांगेत माणिकराव होते. त्यांनी हात खिशात घातला.

"निस्ता अंगठाच असता तं देला असता, बाई."

ती रिकामीच परतली. मिरची ऐन फुलावर होती. मला फार वाईट वाटले.

मित्रांनो, राखण हवीच. पण राखणदारावरही डोळा ठेवा. मी सगळ्यांना विचारते, तसे त्या वर बसलेल्यालाही एकदा कुणीतरी विचारा. म्हणा, आधी अंगठा दाखव.