औषधाच्या डब्यातली मरळ

मित्रांनो, मी आता जुना झालो आहे. माझ्या बुडाला आरपार भोकं पडली आहेत, तरी अंगाचा वास काही गेलेला नाही. हवं तर नाकाला रुमाल लावून ऐका. मी कपाशीवर फवारायच्या औषधाचा डबा आहे. पांढरा, प्लॅस्टिकचा, डोक्यावर पोकळ मूठ असलेला. माझी गोष्ट गोड नाही. पण तुमच्या घरात रांगणारं, दिसेल ते तोंडात घालणारं एखादं भावंड असेल, तर ती तुम्ही ऐकलीच पाहिजे.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून साच्यात घातले, आत हवा फुंकली आणि मी फुगलो. तेव्हा मी किती स्वच्छ होतो म्हणून सांगू! वाटलं, माझ्यात कुणी दूध भरेल, नाहीतर गोडं तेल भरेल. भरलं ते एक पिवळट, दाट, रॉकेलसारख्या वासाचं पाणी. पहिल्याच दिवशी मला ओकारी आली. पण डब्याला ओकता कुठे येतं? टोपण घट्ट लावलेलं असतं. मग माझ्या पोटावर एक कागद चिकटवला. त्यावर कवटी होती, लाल खूण होती आणि मुंगीएवढ्या अक्षरांत पुष्कळ काही लिहिलं होतं. डबा रिकामा झाला की पुन्हा वापरू नये, भोकं पाडून निकामी करावा, हेसुद्धा त्यातच होतं.

वर्ध्याच्या दुकानातून मला रोहणा गावच्या कैलासने विकत नेलं. कैलास तरुण शेतकरी, मनाने मोकळा, पण त्या कागदाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. भादव्यात माझ्या पोटातलं औषध फवारणीच्या पंपात गेलं आणि मी रिकामा झालो. आता माझी सुटका होईल असं मला वाटत होतं. कैलासची आई रुख्माबाई म्हणाली, "अरे, येवढा मजबूत डबा फेकतं काऊन? कामी येईन."

झालं! कैलासने विळा चुलीत लाल होईस्तोवर तापवला आणि माझ्या तोंडाची बाजू कापून काढली. मूठ तेवढी धरायला ठेवली. जळक्या प्लॅस्टिकचा तो धूर आठवला की अजून शिसारी येते. नंतर हापशीवर मला दोनदा खळखळून विसळलं. पोट विसळलं गेलं. पण मूठ आतून पोकळ असते ना, तिच्यात पाणी शिरलंच नाही. तिथे औषधाचा थर जसाच्या तसा वाळून बसला.

त्यानंतर मी काय काय कामं केली ते सांगायलाही कसंतरी वाटतं. गोठ्यातलं शेण भरलं. पहाटे कुणीही मला उचलून शेताकडे बसायला जाई. ते कशाला, हे तुम्हाला समजलं असेलच. आणि वर माझं कौतुक! "डबा पाह्य कसा, फुटतच नाई लेकाचा!" अशा कौतुकाने कुणाला आनंद होईल? मला तर स्वतःचीच किळस यायची.

मग हिवाळा आला. कैलासचा शाळेतला दोस्त नयन वर्ध्याला नोकरीला होता. दर हिवाळ्यात एक दिवस दोघांनी गावाबाहेरच्या तलावावर गळ टाकून बसायचं, हा त्यांचा लहानपणापासूनचा रिवाज. नयनचं लग्न झालं, मुलगी झाली आणि रिवाज मोडला. या वर्षी तो प्रथमच बायकोला आणि मुलीला घेऊन येणार होता. कैलासच्या आनंदाला पारावार नव्हता. मासे जिवंत घरी न्यायचे आणि वयनीला, म्हणजे नयनच्या बायकोला, ताज्या माशाचा रस्सा खाऊ घालायचा, असं त्याने ठरवलं. जिवंत मासा ठेवायला काहीतरी हवं. त्याने गोठ्यात नजर फिरवली आणि मला उचललं. मित्रांनो, पहाटे मी कुठे जाऊन आलो होतो, ते आठवा. जाताना हापशीवर त्याने मला एकदा विसळलं, तेवढंच.

तलावावर धुकं होतं. पाणी दुरून चांदीसारखं दिसत होतं, पण काठाला गेलो आणि माझ्यासारख्याचंही नाक मुरडलं. विसर्जनातले रंगाचे पोपडे, प्लॅस्टिकच्या पिशवीत कुजलेलं निर्माल्य, दारूच्या शिशा, पाण्याचे पाऊच, कुणीतरी टाकलेला लहान मुलाचा लंगोट. त्या सगळ्यावर माशा घोंगावत होत्या. नयनची बायको समीक्षा मुलीला कडेवरून खाली ठेवायलाच तयार होईना. मुलीचं नाव गोपिका, पण सगळे तिला गोपू म्हणत. शेवटी समीक्षाने सतरंजी पसरली, तिच्यावर चादर पसरली आणि मग कुठे गोपूला बसवलं.

"वयनी, पोरीले जमिनीचा वारा लागू द्या जरासा," कैलास हसला. हसता हसता प्लॅस्टिकच्या पन्नीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळून त्याने तोंडात टाकला, पन्नी पाण्यात भिरकावली आणि त्याच हाताने गळाला लावायची कणीक मळायला घेतली.

"भाऊजी, हात तरी धुवा हो!"

"माशाले काय समजते, वयनी? उलटं चव येते त्याले!"

"हिचं असंच राहते," नयन म्हणाला. "परवा पोरीले शिंक आली तं म्हणे दवाखान्यात चला. डॉक्टर म्हणे, पोरगी चांगली हाय, तुमचीच तब्येत दाखवा."

दोघे दोस्त मांडीवर थापा मारून हसले. समीक्षाही हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. सारखी घाबरते, सारखं काहीतरी काढते, असं सगळे म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. आजचा दिवस नवऱ्याचा आहे, आज आपण काही बोलायचं नाही, असं तिने ठरवलेलं दिसत होतं.

"अबे नयन, याच दगडावरून तू पाण्यात पडला होता, आठवते का?"

"पडलो नव्हतो बे, तूच ढकललं होतं!"

"मग बाहेर कोणं काढलं?"

"माह्या मायचा मार चुकवाले काढलं तू!"

इतक्यात कैलासच्या गळाची काठी वाकली. "लागली बे, लागली!" चांगली हातभर मरळ होती. काळी, तुकतुकीत, नुसती उसळत होती. तिला नीट बुडता यावं म्हणून कैलासने मला तलावात दाबून काठोकाठ भरलं आणि तिला माझ्या पोटात सोडलं.

काठोकाठ! इतके महिने माझ्यात कधी अर्ध्याच्या वर पाणी भरलं नव्हतं. आज पहिल्यांदा पाणी माझ्या मुठीत शिरलं. तिथला वाळलेला थर ओला होऊ लागला, सुटू लागला, हळूहळू खाली उतरू लागला. मला सगळं समजत होतं, पण सांगू कसा?

मरळ हा किती चिवट मासा! गोणपाटात गुंडाळून आठवडी बाजारात नेला तरी जिवंत राहतो. ती मरळ माझ्या पोटात आधी भिंतीवर डोकं आपटू लागली. मग वाकडीतिकडी फिरली. मग थरथरली. दोस्त नवी कणीक लावण्यात गुंग होते. सतरंजीवरून गोपू केव्हा उतरली, कुणालाच समजलं नाही. ती उकिडवी बसून माझ्यात वाकली. एका हातात बिस्कीट होतं, दुसऱ्या हाताचं बोट पाण्यात.

"आई," ती म्हणाली, "मासोळी निजली."

समीक्षाने मान वळवली. मरळ पांढरं पोट वर करून तरंगत होती आणि गोपूचं ओलं बोट तोंडाकडे निघालं होतं. बाळाचं बोट तोंडात जायला कितीसा वेळ लागतो? समीक्षाने झेप घेऊन तो हात मनगटाशीच धरला. बिस्कीट फेकलं. घरून आणलेल्या उकळलेल्या पाण्याची अख्खी बाटली त्या हातावर रिकामी केली, साबण लावला, पुन्हा धुतलं. मग माझ्याजवळ येऊन वास घेतला आणि तिचा चेहरा आंबट झाला.

"भाऊजी, या डब्यात आधी काय होतं?"

"काई नाई वो. कपाशीचं औषध होतं. धून घेतला ना!"

"औषध? आणि यातला मासा आपण खाणार होतो? गोपूला खाऊ घालणार होतो?"

"थंडीनं मेली ते मरळ."

"मरळ थंडीनं मरते, भाऊजी?"

नयनने खालच्या आवाजात बायकोला म्हटलं, "समीक्षा, राहू दे ना. सकाळपासून राबून राह्यला तो आपल्यासाठी."

ती बोलली ते एवढंच, "अहो, आज मला वेडी म्हणा. उद्या म्हणा. पण या डब्यातलं काही माझ्या लेकीच्या पोटात जाणार नाही."

कैलासला ते लागलं. पाहुण्याने ताट सरकवावं तसं लागलं. "मंजे मी तुमच्या पोरीले जहर देतो काय, वयनी? हे पाह्य नयन, मी पेऊन दाखोतो. मंग तं पटते?" त्याने मरळ बाहेर भिरकावली, मला दोन्ही हातांनी उचललं आणि तोंडाशी तिरपं केलं.

मित्रांनो, आयुष्यात मला कधी एवढी घृणा आली नव्हती. माझा मालक माझ्यातलं प्यायला निघाला होता. मी तिरपा झालो तशी मुठीतून दुधासारखी पांढरी धार उतरली आणि पाण्यात पसरली. फवारणीच्या दिवसांतला तोच वास भपकन वर आला. ते पांढरं पाणी नयनला दिसलं. त्याने विचार केला नाही, सरळ माझ्यावर लाथ घातली. मी दगडावर आपटलो, पाणी सांडलं. लाथेच्या धक्क्याने कैलास खाली बसला. त्याचे ओठ कोरडे होते. एक थेंब गेला नव्हता.

"अबे येडा झाला काय तू!" नयन ओरडला.

कैलास माझ्याकडे बघत राहिला आणि एकाएकी त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं. स्वतःच्या जिवाच्या भीतीने नव्हे. मला एक गोष्ट आता सांगायला हवी. मला दुकानातून आणलं, तेव्हा आम्ही दोघं होतो. माझा जोडीदार कापला नव्हता, त्याचं टोपण शाबूत होतं. शेतातला माठ आदल्या दिवशी फुटला, म्हणून कैलासने त्या डब्यात प्यायचं पाणी भरून कापूस वेचणाऱ्या बायांसाठी आज सकाळीच रुख्माबाईसोबत शेतात पाठवलं होतं. टोपणापर्यंत भरून.

त्याने फोन लावला. "माय! त्या पांढऱ्या डब्यातलं पाणी कोणाले देऊ नको! सांडून दे! कोणी पेलं काय?"

रुख्माबाईचा आवाज मलाही ऐकू आला. "बाकीच्याईनं आपापल्या शिशा आणल्या होत्या. भागीरथा पेली ना. कडू लागते म्हणे. आता झाडाखाली पडून हाय, ओकून राह्यली. उपासानं झालं असंन."

"उपास नाई तो, माय! तिले उठव, आर्वीले दवाखान्यात न्यायचं हाय, मी आलोच!"

तो गाडीकडे धावला. समीक्षा ओरडली, "भाऊजी, थांबा! डबा सोबत न्या! डॉक्टर विचारतील कोणतं औषध ते!" तिने मला पन्नीत गुंडाळलं, दोन बोटांनी धरलं, तोंड फिरवलं आणि कैलासच्या हाती दिलं. तिची किळस मला दिसत होती. मला तिचा राग आला नाही. मग ती नवऱ्याला म्हणाली, "आपणही चला. गोपूला दाखवूनच येऊ." या वेळी नयन हसला नाही.

आर्वीच्या दवाखान्यात भागीरथाला खाटेवर निजवलं होतं. तिच्या तोंडातून लाळ गळत होती, हातपाय कापत होते. डॉक्टरांनी मला उजेडात धरलं आणि माझ्या पोटावरच्या कागदाची मुंगीएवढी अक्षरं वाचली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी ती वाचत होतं. मग त्यांनी नर्सला भराभर सूचना दिल्या.

गोपूला काही झालं नव्हतं. भागीरथाच्या उशाशी कैलास रात्रभर बसला. तिची मुलगी त्याच्याकडे पाठ करून बसली. सकाळी भागीरथाने डोळे उघडले. कैलासला पाहून ती क्षीण आवाजात म्हणाली, "कैलास, मी म्हटलं होतं बापू, पाणी कडू हाय. तुही माय म्हणे, तोंडच कडू असंन तुह्यं."

तिची मुलगी उठली आणि आईला घरून आणलेलं पाणी पाजू लागली.

ती बरी होऊन घरी गेली. पण त्या हंगामात ती पुन्हा कैलासच्या शेतात वेचणीला आली नाही, आणि त्यानेही निरोप धाडला नाही. कुठल्या तोंडाने धाडणार?

दवाखान्यातून परत आल्यावर कैलासने विळा घेतला. या वेळी तापवला नाही. माझ्या बुडात खुपसला, पुन्हा खुपसला. मग जोडीदाराला. रुख्माबाई दाराशी उभी होती, पण या वेळी तिनेच रिकामी गोणी पुढे केली. आता आम्ही दोघं एका गोणीत आहोत. गोणीचं तोंड तारेने बांधलंय, आणि तिला कुणी हात लावायचा नाही असं घरात सगळ्यांना बजावलंय.

मित्रांनो, गोष्टीतल्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मी तसं म्हणणार नाही. उद्या अंगणात, गोठ्यात किंवा पाण्याच्या माठाशेजारी माझ्यासारखा एखादा पांढरा, मजबूत, फुकटचा डबा दिसला, तर त्याला हात लावू नका. पळत जा आणि घरातल्या मोठ्या माणसांना सांगा. ते हसतील, भित्रा म्हणतील, धून घेतला म्हणतील. म्हणू द्या. त्यांनी त्याला भोकं पाडेपर्यंत सांगत राहा. मला जपू नका, मित्रांनो. मला फोडा.