ओफेलियाबाईंची बेडकी

"बेडकाची फाइल उघडतच नाहीये हो, डॉक्टरबाई," योलिमा बेडकांवर संशोधन करणाऱ्या ओफेलियाबाईंना म्हणाली.

पोपायानच्या विद्यापीठात सूक्ष्मदर्शकाची खोली तीच सांभाळायची. जुनं यंत्र बिचारं सरळ होतं, एक चित्र म्हणजे एक फाइल. नव्याची तऱ्हाच न्यारी! इवलीशी फाइल म्हणजे नुसती दारावरची पाटी, आणि खरं चित्र शेजारच्या फोल्डरात. जागा भरली म्हणून काल तिनं पाट्या जपल्या आणि फोल्डर कचरा समजून पुसून टाकले.

"कातडीच्या काचपट्ट्या आहेत ना? मी पुन्हा फोटो काढते."

"त्यांवर लावलेला चमकता रंग केव्हाच विझला गं," ओफेलियाबाई म्हणाल्या. "आणि नवा बेडूक आणू कुठून? दोन वर्षं झाली, ही जात सापडायची त्या ओढ्यावर एकसुद्धा ओरडत नाही."

बाई रागावल्या नाहीत, हेच योलिमाला जास्त लागलं. ती तडक खाली अर्नुबियोकडे गेली. विद्यापीठातले सगळे कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात. दर शुक्रवारी तो जे दिसेल त्याची नक्कल करून ठेवायचा, आणि योलिमा त्याला येताजाता भंगारवाला म्हणायची.

"या, बाईसाहेब! आज भांडण कशावरून?"

"अर्नुबियो, बेडकांचे फोल्डर आहेत का रे तुझ्याकडे?"

"असतील की. मी काय निवडत बसतो होय? भंगारवाला ना मी, सगळंच उचलतो!"

योलिमाला रडूच फुटलं. "देव तुझं भलं करो रे मेल्या! काय काय बोलले मी तुला."

"बोल की खुशाल. फक्त एक कॉफी पाज."

वर येऊन त्यानं फोल्डर फाइलशेजारी ठेवले आणि फाइल उघडली. पडदाभर बेडकाची कातडी हिरवीगार उजळली, कोपऱ्यात मापाची रेघसुद्धा जशीच्या तशी. योलिमाचा जीव भांड्यात पडला.

ओफेलियाबाई खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसल्या.

"हीच ती. शेवटची बेडकी. मी उचललं तेव्हा पळालीसुद्धा नाही, तळहातावर बसून राहिली."

त्यांनी पडद्यावर बोटं टेकवली. मग हळूच म्हणाल्या, "फार उपकार झाले हं, बाळा."

"त्यात काय एवढं, बाई..." अर्नुबियो लाजून म्हणाला.

योलिमानं त्याचा दंड धरून त्याला गप्प केलं. बाईंचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं; त्या पडद्यावरच्या बेडकीशी बोलत होत्या.