चौथा कोपरा

खर्जमास्तरांनी आवाज शोषणाऱ्या रॉकवूलची जाड लादी छातीशी धरून कोपऱ्यात रेटली आणि स्टुलावर उभ्या असलेल्या मुलीने वरून लाकडी चौकट बसवून स्क्रू पिळायला घेतला.

"घट्ट धरा बाबा. निसटली तर पुन्हा पहिल्यापासून."

"धरलंय ना."

धरलं होतं ते उजव्या हाताने. डावा हात फोटोपुरत्या उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखा नुसता टेकवलेला होता. मुलीचं लक्ष स्क्रूकडे होतं, एवढं एक बरं होतं.

तीन कोपरे भरून झाले होते. घराची ही मागची खोली म्हणजे मुलीचा स्टुडिओ, आणि खोलीला खोड एकच, ती घुमायची. जाड सूर कोपऱ्यांत साचून राहायचे. बास गिटारच्या सगळ्यात जाड तारेवर, दांडीच्या तिसऱ्या पडद्यावरचा सूर लागला की कपाटाच्या काचासुद्धा थरथरायच्या. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवू, असं मास्तरांनी मोठ्या हौसेने सुचवलं होतं. "त्याने फार तर अंडी सुखरूप राहतील," मुलगी म्हणाली होती. "खर्ज आवरायचा तर कोपरे जमिनीपासून छतापर्यंत भरायला हवेत."

खर्ज हे नाव मास्तरांना ऑर्केस्ट्रातल्या मंडळींनी दिलं होतं. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या गाण्यांमागे बास वाजवण्यात घालवला. गाणं गाजलं की हार गायकाला, फसलं की सगळे वळून यांच्याकडे बघणार. काम सोडल्यावर त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या चाली बांधल्या, बासच पुढे असेल अशा, आणि मुलीने त्यांचा अल्बम करायला घेतला. नेमकी त्याच सुमाराला डाव्या हाताची अनामिका दगा देऊ लागली. बोट तारेवर पडायचं, पण दाबायचं नाही. तिसऱ्या पडद्यावरचा तो सूर अर्धामुर्धाच निघायचा. शीर दबली आहे, फार आशा ठेवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. मास्तरांनी ते घरात कोणाच्या कानावर घातलं नाही.

आजवर खोलीने त्यांना सांभाळून घेतलं होतं. सूर अर्धा निघाला तरी ती तो घुमवून पुरा करायची. आणि आता तेच आपल्या हातांनी तिचं तोंड बंद करत होते.

मुलगी कामाच्या बाबतीत कोणाची भीडभाड ठेवणारी नव्हती. मागे एका गिटारवाल्याचा हात जड पडतो म्हणून तिने त्याच्या तोंडावर "दुसरं कोणी बघू" म्हटलं होतं, तेव्हा मास्तर इथेच बसून मनातल्या मनात तिची पाठ थोपटत होते. आपल्या चालींवर दुसऱ्या कोणाचा हात फिरणार, ही धास्ती आता त्यांना होती.

"या कोपऱ्यात दार आहे," शेवटची लादी उचलताना ते म्हणाले. "पुरतं उघडायचं नाही ते."

"अर्ध्या दारातून माणूस येतो आत."

"मी येईन. तुझा तो ड्रमवाला नाही मावायचा."

"मग त्याने वजन उतरवावं."

"हा कोपरा राहू दे आज. चहा टाकू?"

"बाबा, उगाच फाटे फोडू नका. मला आजच ऐकायचंय."

लादी बसली. स्क्रू पिळले गेले. मास्तर खाकरले तर आवाज तोंडापाशीच संपला. खोलीला अचानक कोणीतरी दटावल्यासारखं वाटत होतं.

मुलगी कॉम्प्युटरसमोर बसली. मास्तर नेहमीसारखे मागच्या खुर्चीत. स्क्रीनकडे ते कधी बघत नसत. गाणं कानाने ऐकायचं, डोळ्यांचं तिथे काय काम, असं त्यांचं म्हणणं होतं. आज तर त्यांनी डोळे मिटूनच घेतले.

आधी रेकॉर्ड केलेली पहिली चाल सुरू झाली. एकेक सूर सुटा, स्वच्छ. आपण इतकं बरं वाजवतो हे त्यांना माहीतच नव्हतं, आणि क्षणभर ते सुखावले. मग ती जागा आली. तारेची नुसती खरखर, खाली पोकळ. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि नसावी, तसं त्यांना झालं.

मुलीने गाणं थांबवलं नाही. मागे वळूनही पाहिलं नाही. फक्त तिचा हात भरभर हलला, माऊस टिकटिकला, आणि तिने गाणं थोडं मागे नेऊन पुन्हा लावलं. या वेळी तो सूर जरा भरला.

मास्तरांनी डोळे उघडले. उठून ते तिच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

स्क्रीनवर त्यांचा बास आडवा पसरला होता. जाड सुरांच्या जागी फुगवटे, आणि मध्ये मध्ये एक चिमटलेली, बारीक जागा. या चित्राला खोलीशी काही देणंघेणं नव्हतं. तार जशी वाजली तशी ती तिथे उमटली होती. आणि त्या प्रत्येक चिमटलेल्या जागेवर एक पिवळी रेघ होती, हाताने वर उचललेली. शेवटपर्यंत एकही जागा सुटली नव्हती.

"या रेघा कसल्या?"

"काही नाही. जरा आवाज उचललाय तिथे."

"कधीपासून?"

मुलगी रेघेवर माऊस फिरवत म्हणाली, "खोली घुमायची ना, त्यामुळे नेमकं किती उचलायचं ते कळत नव्हतं. बाहेर ऐकलं की कमी पडायचं. आता कळेल."

मास्तर भिंतीला लावलेल्या चौकटींकडे बघत राहिले. किती रविवार ती या चौकटी आणि लाद्या कापत बसली होती, हाताला खाज सुटेपर्यंत. त्यांना भरून आलं, आणि लाजही वाटली.

"काढून टाक त्या रेघा," ते म्हणाले.

"बाबा, कोणालाही कळणार नाही. मी शब्द देते."

"मला कळेल. काढ."

"काढल्या तर त्या जागा तशाच राहतील. मग मला दुसरं कोणी..." ती थांबली.

मास्तरांनी भिंतीशी टेकवलेली बास गिटार उचलली, गळ्यात अडकवली आणि वायर तिच्या हातात दिली.

"लोकांच्या गाण्यात एक सूर गाळायची सोय नव्हती. ही चाल माझी आहे. लाव."

तिने रेकॉर्डिंग लावलं. मास्तर वाजवत त्या जागेपर्यंत आले. बोट सवयीने तिसऱ्या पडद्याकडे निघालं, त्यांनी ते उचलून धरलं. पूर्ण मात्राभर खोलीत काहीच वाजलं नाही. मग ते पुढच्या सुरावर उतरले.

मुलीचा हात माऊसवर तसाच होता. तिने तो काढून मांडीवर ठेवला.