नवा चष्मा, पहिला चेहरा

नवा चष्मा डोळ्यांवर चढला की गिऱ्हाइकाला पहिल्यांदा स्पष्ट दिसतो तो समोर बसलेल्या माणसाचा चेहरा. आमच्या दुकानात तो माणूस म्हणजे मी, आणि माझ्या ओठांभोवती नि डाव्या डोळ्याखाली कोडाचे पांढरे डाग आहेत. जुने भाडेकरू, हलायचं नाव नाही.

"लोक दचकतात हो, ताई," नवे मालक म्हणाले. जुन्या मालकांचे हे जावई. दुकान आयतं मिळालेलं, तोंडातली साखर तेवढी स्वतःची. "काहीतरी लावून येत चला. नाहीतर मागच्या खोलीत बसा काचा घासायला."

मागच्या खोलीला खिडकी नाही, आणि चार माणसांशी बोलल्याशिवाय मला अन्न पचत नाही.

पार्लरमध्ये काम करणाऱ्या भाचीने मला आरशासमोर बसवलं. "मावशी, चेहरा कुणाचाच एका रंगाचा नसतो. कपाळ सावळं, गाल जरा उजळ. भिंतीसारखं फासलंस तर मुखवटा दिसेल." हाताच्या पाठीवर दोन फाउंडेशनं कालवून तिने ओल्या स्पंजने थोपटली, डागांच्या कडा विरवल्या, वरून चिमूटभर पावडर. "लावलंय हे कळलं, तर माझी मेहनत पाण्यात!"

खोटं कशाला बोलू, मला आवडलं. तासभर खपून मी काहीच न केल्यासारखी दिसत होते.

"बघा, किती नैसर्गिक!" मालक म्हणाले. जणू देवाचं राहिलेलं काम त्यांनीच उरकून घेतलं.

दुपारी घड्याळजी आजोबा आले, आमचं जुनं गिऱ्हाईक. मी त्यांचा नवा चष्मा नाकावर बसवला, दांड्या कानामागे सारख्या केल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नंबर चुकलाय."

"तक्ता वाचा बघू, आजोबा."

शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. "अक्षरं दिसतात. तुझे डाग दिसत नाहीत. जुन्या चष्म्यातूनसुद्धा दिसायचे."

मालक लगबगीने पुढे आले. "डाग नव्हतेच हो कधी! वय झालं की होतात भास."

आजोबांचा चेहरा उतरला. "म्हणजे इतकी वर्षं मला भलतंच दिसत होतं?" "याच डोळ्यांनी मी घड्याळांत केसाएवढ्या स्प्रिंगा बसवतो!"

तिथे माझं डोकं सरकलं. काचा पुसायचं फडकं ओलं केलं आणि डाव्या डोळ्याखालून हनुवटीपर्यंत खसखसून ओढलं. "आता?"

आजोबा वाकून न्याहाळू लागले. "आता बरोबर! पण उजवीकडे ओठाशी होते ते?"

"तिकडे मेकअप आहे अजून. जमलाय ना?"

"झकास! फसलो की मी."

"ताई, आत जा," मालक दात आवळून म्हणाले.

मी खुर्ची आणखी पुढे ओढली. "नाही जाणार. डाग माझे, मेकअपही माझा. लावीन तर हौसेने लावीन, कुणाच्या चांगल्या डोळ्यांवर खापर फोडायला नाही. काढायचंच असेल तर कामावरून काढा. आत्ता, यांच्यासमोर."

"काढा ना," आजोबा ऐसपैस बसत म्हणाले. "मला घाई नाही. दिसतंय पण सगळं."

मालकांनी काढलं नाही. संध्याकाळपर्यंत मी तशीच बसले, एक बाजू रंगवलेली, एक उघडी. एका बाईने नवा चष्मा घालून माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि हळूच विचारलं, "ही उजवी बाजू कुठे करून घेतलीत हो?" मी भाचीचा पत्ता दिला.

शटर ओढताना मालकांनी विचारलंच, "उद्या कशा येणार?"

"उद्याचं तोंड उद्या ठरवू," मी म्हटलं.