लिबएक्झेकमधले प्रोग्रॅम

"सही करा आणि मोकळ्या व्हा." साहेबानं कागद पुढे सरकवला.

कागदावर लिहिलं होतं की काउंटरवरच्या कारकुनानं निष्काळजीपणे चुकीचा प्रोग्रॅम चालवला, म्हणून दोनशे बारा रुग्णांचे रक्ततपासणीचे अहवाल पुसले गेले. खाली तज्ज्ञ म्हणून ताईची सही हवी होती. एकोणीस वर्षं तिनं या दवाखान्याची कॉम्प्युटरची खोली सांभाळली. एवढ्या वर्षांत साहेबाला ती 'वायरवाली बाई' होती. आज एकदम तज्ज्ञ!

शेजारी काउंटरवरचे काका मान खाली घालून उभे होते. निवृत्तीला चार महिने उरले होते त्यांच्या.

"साहेब, सोमवारी सकाळी काय झालं ते सांगू का?" ताई म्हणाली.

"ते उगाळत बसू नका."

"उगाळते. शुक्रवारी तुम्ही हौसेनं सगळ्या मशिनांवरची लिनक्स सिस्टिम काढून दुसऱ्या जातीची लिनक्स चढवायला लावलीत. मला विचारलंत? नाही. लॅबचं सॉफ्टवेअर तेच, पण त्याचे पोटातले प्रोग्रॅम जुन्या लिनक्सवर लिबएक्झेक नावाच्या फोल्डरात असायचे, नवीवर ते लिब नावाच्या फोल्डरात गेले. आपलं सेटिंग जुन्याच जागी शोधत बसलं. अहवालांची छपाई बंद."

"म्हणून तर म्हटलं होतं, सगळे उचला आणि बिन फोल्डरात टाका. सापडतील तरी!"

"आणि मी काय म्हटलं होतं? बिन म्हणजे चव्हाटा. तिथलं कुणीही चालवावं. पोटातल्या प्रोग्रॅमना माणसानं हाक मारायची नसते. मोठा प्रोग्रॅम आधी तारीख विचारतो, खात्री करतो, मग त्यांना बोलावतो. स्वतःहून ते काही विचारत नाहीत, नुसतं काम उरकतात. दुपारपर्यंत वेळ मागितला होता, आठ ठिकाणचे रस्ते नीट लावायला. तुम्ही म्हणालात, बाहेर रांग बघा."

इतकी वर्षं काकांची एकच पद्धत. नजर समोरच्या आजाऱ्यावर, बोटं कीबोर्डवर. प्रोग्रॅमच्या नावाची पहिली तीन अक्षरं, उरलेलं नाव मशिननं पुरं करावं म्हणून टॅब, मग एंटर. त्या तीन अक्षरांनी सुरू होणारा एकच प्रोग्रॅम बिनमध्ये असायचा, अहवाल छापणारा. सोमवारी अकरा वाजता तिथं सहा होते. अशा वेळी जुनी सिस्टिम अडून राहायची; नवीवर टॅबनं अकारविल्हे पहिला उचलला. तो जुने अहवाल पुसणारा होता. तारीख न दिल्यामुळे त्यानं सगळेच पुसले. जुने अहवाल बॅकअपच्या नकलेतून परत आणले, पण नव्या सिस्टिमवर नक्कल काढणं सुरूच झालं नव्हतं. शुक्रवारपासूनचं सगळं गेलं. रक्ताचे नमुनेही केव्हाच फेकले होते.

"पोरी, कर सही," काका हळूच म्हणाले. "बटण मीच दाबलं ना."

"गप्प बसा काका!" ती एवढ्या जोरात ओरडली की दाराशी उभी असलेली नर्स आत डोकावली. "तुम्ही का मरताय यांच्या वाटणीचं?"

साहेबाचा आवाज एकदम मऊ झाला. "ताई, बिनमध्ये फाइली टाकल्या कुणी? तुम्हीच ना? मग ओरडता कशाला? सही करा. यात तुमचंही नाव येत नाही."

हे मात्र खरं होतं. हुकूम त्याचा होता, हात तिचे. कळत असून तिनं ते केलं होतं, कारण भांडून भांडून ती दमली होती. राग साहेबावर होता, त्याहून जास्त स्वतःवर.

तिनं कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: 'फाइली मी हलवल्या. धोका मला माहीत होता आणि साहेबांना मी तो सांगितला होता. हुकूम त्यांचा. काउंटरवर चूक झालेली नाही.' खाली सही ठोकली.

"नोकरी जाईल, कळतंय का?"

"वाचता येतं मला. आता तुम्हीही वाचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीची किल्ली तिच्याकडून काढून घेतली. ती घरी गेली नाही. रक्त द्यायला पुन्हा बोलावलेल्यांच्या रांगेपाशी जाऊन उभी राहिली आणि एकेकाला सांगत गेली, "चूक आमची. तुमचे अहवाल आम्ही घालवले."

काहींनी शिव्या दिल्या. तिनं त्या ऐकून घेतल्या.

एका म्हातारीनं नर्सपुढे हात धरला. कोपराच्या आतल्या बाजूला शुक्रवारच्या सुईचा डाग अजून काळानिळा होता. नर्सनं तिथंच चाचपायला सुरुवात केली.

"तो नको," ताई म्हणाली आणि म्हातारीच्या दुसऱ्या हाताची बाही तिनं स्वतः वर सरकवली.